मुलांचा सरकारी विमा मध्येच का तुटतो?

अमेरिकेत गरीब कुटुंबांसाठी १९६५पासून ‘मेडिकेड’ हा सरकारी आरोग्यविमा आहे. त्याहून थोडी अधिक कमाई असलेल्या घरांतल्या मुलांसाठी १९९७मध्ये ‘चिप’ सुरू झाला. तरीही हक्काचा विमा असलेली मुले यादीतून गळतात. त्याला कागदपत्रांइतकेच पालकांचे गैरसमजही कारण ठरतात.

गैरसमज : ओव्हरटाइममुळे पगार वाढला, की मुलाचा विमा बंद.
वस्तुस्थिती : १ जानेवारी २०२४पासून १९ वर्षांखालील मुलाचा विमा मंजूर झाल्यावर तो १२ महिने चालू ठेवणे सर्व राज्यांवर बंधनकारक आहे. मधल्या काळात उत्पन्न वाढले तरी तो काढता येत नाही. मूल १९ वर्षांचे झाले, कुटुंब दुसऱ्या राज्यात गेले किंवा पालकांनीच विमा नको म्हटले, असे अपवाद मोजके आहेत.

गैरसमज : आईवडील अपात्र, म्हणजे मूलही अपात्र.
वस्तुस्थिती : मुलांसाठीची उत्पन्नमर्यादा सहसा बरीच जास्त असते. पालकांचा अर्ज फेटाळला गेला, तरी मुलाचा मंजूर होऊ शकतो.

गैरसमज : नाव कमी झाले, म्हणजे पात्रता संपली.
वस्तुस्थिती : करोनाकाळात मेडिकेडमधून नावे काढणे थांबले होते. एप्रिल २०२३पासून फेरतपासणी सुरू झाली आणि लहानथोर मिळून अडीच कोटींहून अधिक लोक बाहेर पडले. त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांची नावे गेली ती फॉर्म न पोचणे, उत्तर न देणे अशा कारणांनी. ते अपात्र आहेत, असे कोणी तपासून ठरवलेले नव्हते.

गैरसमज : दोन महिने विमा नसला, तर काय बिघडते?
वस्तुस्थिती : तान्ह्या बाळाच्या तपासण्या व लसी दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या महिन्यात असतात. दोन महिन्यांच्या खंडात त्यांतली एखादी सहज हुकते. दम्याच्या मुलाचा इन्हेलर तर रोजचा.

गैरसमज : वर्षभराची हमी आहे, आता काही करायला नको.
वस्तुस्थिती : नूतनीकरण दरवर्षी होते. सरकारी नोंदींवरून पात्रता ठरली नाही, तर घरी फॉर्म येतो आणि उत्तरासाठी किमान ३० दिवस मिळतात. मुदत हुकून विमा बंद झाला, तरी ९० दिवसांत कागद दिल्यास नवा अर्ज न करता फेरविचार होतो.

तिकडे राहणाऱ्या ज्या मराठी घरांतल्या मुलांना हा विमा आहे, त्यांनी घर बदलताच नवा पत्ता राज्याच्या मेडिकेड कार्यालयाला कळवावा. फॉर्म जुन्या पत्त्यावर गेला, तर मुदत नकळत उलटून जाते.