मोहो : नारंगाच्या रसाची एक क्यूबन वाट

क्यूबाच्या या सॉसचे नाव आपल्याकडे ‘मोजो’ असे वाचले जाते; स्पॅनिश उच्चार ‘मोहो’. मोहात पाडतो म्हणून मोहो, अशी व्युत्पत्ती सांगण्याचा मोह मी आवरतो. पोर्तुगीज भाषेत सॉसला ‘मोल्यु’ म्हणतात, त्यावरून तो शब्द आला असे मानतात. कॅनरी बेटांवरून आलेल्या स्थलांतरितांनी तो क्यूबात आणला.

ओळखण्यात गफलत होते ती यामुळेच. कॅनरी बेटांवरचा मोहो लाल किंवा हिरवा, मिरचीचा किंवा कोथिंबिरीचा, व्हिनेगर घातलेला. क्यूबातला तिखट नसतो. लसूण, जिरे, मीठ, तेल आणि ‘नारांहा आग्रिया’, म्हणजे आंबट नारिंगाचा रस, एवढ्यावर तो उभा आहे. कांदा, ढोबळी मिरची परतलेली दिसली तर ते सोफ्रितो; मोहो नव्हे.

माझ्या मते याची खरी खूण लसणीपेक्षा नारिंगात आहे. ‘नारांहा’ म्हणजे आपला ‘नारंग’च. (त्यामागेही द्राविड मूळ असावे.) संस्कृतातून फारसी, अरबी असे मुक्काम करत शब्द स्पेनला पोचला, फळही अरबांनीच तिकडे रुजवले. हे फळ पपनस आणि मँडरिन संत्रे यांचा जुना संकर आहे. रस आंबट, पण घोट गिळल्यावर मागे कडवटपणा रेंगाळतो. नुसत्या लिंबाने आंबटपणा साधतो, हा कडवटपणा नाही. नारिंग न मिळणारे परदेशस्थ क्यूबन संत्र्याच्या रसात लिंबू पिळतात. काही जण त्याला मोहो म्हणायला तयार नसतात. मी म्हणतो, कारण पदार्थ माणसांबरोबर देश सोडतो, झाड सोडत नाही.

घरी मी पाव कप संत्र्याचा आणि पाव कप कागदी लिंबाचा रस घेतो. पपनस असेल तर त्याचा दोन चमचे. लसणीच्या दहा-बारा पाकळ्या चमचाभर मिठाबरोबर खलबत्त्यात कुटायच्या. मीठ खरखरीत असले की लसूण लवकर गुळगुळीत होते. मिक्सर नको, चव उग्र होते. अर्धा चमचा जिरेपूड, चिमूटभर सुका ओरेगानो. (ज्याला इंग्रजीत ‘क्यूबन ओरेगानो’ म्हणतात तो आपला कुंडीतला पानओवा, तो इथे लागत नाही.) अर्धा कप ऑलिव्ह तेल तापवून लसणीवर ओतायचे. चर्र आवाज आला पाहिजे, पण लसूण तांबूस होता कामा नये. तेल धुरावण्याआधीच उतरवा. रस पाच मिनिटांनी, तेल निवल्यावर घालायचा. उकळत्या तेलात घातला तर अंगावर उडेल. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये.

नाताळच्या आदल्या रात्री क्यूबात डुकराचे मांस याच रसात मुरवून भाजतात. शाकाहाऱ्यांसाठी ‘यूका’ आहे : ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो, तोच. सोलून, मऊ शिजवून, मधला दोर काढून टाकावा आणि कंद गरम असतानाच वर मोहो ओतावा.