शंभरला आउट ऑफ

पुण्याच्या विश्रांतवाडीत पहाटे पळणाऱ्या पोरांचा आकडा ठरलेला असतो: साडेअकरा. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांनी शंभर मीटर 11.50 सेकंदांत किंवा त्याआधी संपवलं, की पंधरापैकी पंधरा गुण. मुलींसाठी हीच हद्द 14 सेकंदांची. ‘शंभरला आउट ऑफ’ हे शब्द आळंदी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरही कानावर पडतात.

वेगाची हौस म्हणून मी हा सराव बघायला जाऊ लागलो. पण शंभर मीटरची तयारी करणारी ही मुलं पूर्ण शंभर मीटर क्वचितच पळतात. सकाळ जाते ती पहिल्या वीस-तीस मीटरवर.

मैदान मुरमाचं, त्यावर फक्कीची रेषा. लष्करातून निवृत्त झालेले सर प्रत्येकाच्या पावलाने माप घेतात. पुढचा स्टार्टिंग ब्लॉक रेषेपासून दोन पावलांवर, मागचा तीन पावलांवर. खिळे हातोडीने ठोकायचे. पण मुरूमच तो, चार-पाच स्टार्ट झाले की ब्लॉक मागे सरकायला लागतो. म्हणून एक मुलगा त्यावर पाय रोवून मागे उभा राहतो. आपली पाळी येईपर्यंत त्याचं काम एवढंच.

‘ऑन युवर मार्क’ म्हटलं की गुडघा टेकतो, बोटं रेषेमागे कमानीसारखी उभी राहतात. ‘सेट’ला कंबर खांद्यांच्या वर जाते आणि सगळा भार हातांवर येतो. इथे सर मुद्दाम वेळ बदलतात. कधी इशाऱ्याच्या लाकडी फळ्या लगेच वाजतात, कधी बोटं थरथरायला लागेपर्यंत वाजत नाहीत. कुणी अंदाजाने सुटला की शिवी नाही, शिक्षा नाही, नुसतं ‘परत’. मोठ्या स्पर्धांत ब्लॉकलाच सेन्सर असतो. आवाजानंतर 0.1 सेकंदाच्या आत पाय दाबला, तर आवाज ऐकून इतक्या लवकर हलणं माणसाला शक्य नाही असं धरून खेळाडूला बाद करतात.

सुटल्यावरची चूक मात्र जवळजवळ सगळ्यांची एकच: तिसऱ्या पावलाला ताठ उभं राहणं. सर ‘मान खाली, मान खाली’ ओरडत शेजारून पळतात. अंग पुढे कललेलं असेल तर पाय जमीन मागे ढकलतो आणि माणूस पुढे जातो. आधीच ताठ झालं की तोच जोर वर उचलण्यात वाया जातो. ताठ होण्याचं कारण साधं आहे. कललेल्या अंगाला पडायची भीती वाटते, आणि या मैदानावर पडलं की गुडघ्याची सालटं निघतात. एक मुलगी बरेच दिवस दुसऱ्याच पावलाला उठायची. सरांनी तिला ब्लॉक न देता नुसतं पुढे झुकून, तोल जाऊ लागला की पळायला लावलं. हळूहळू तिची भीती गेली. नंतर तिचं टायमिंग उतरलं तेव्हा खूश व्हायला सर सोडून कुणाला सवड नव्हती. बाकीचे गोळाफेकीच्या सरावाकडे गेले होते.

टायमिंग अर्थात हाताचं. अंगठा फळ्यांच्या आवाजामागून दाबला जातो, म्हणून हाताच्या वेळेत 0.24 सेकंद मिळवून ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची, असा अ‍ॅथलेटिक्समधला जुना हिशेब आहे. इथली 11.2 म्हणजे खरी साधारण 11.44.

माझी अडचण पुढे आहे. भरतीत 11.50 आणि 10.50 यांना सारखेच गुण. साडेअकरा गाठलं की शहाणा मुलगा शंभर मीटर सोडून त्याच चाचणीतल्या 1600 मीटरच्या मागे लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मोठ्या स्पर्धांचा हिशेब मात्र साडेअकराच्या बराच खाली सुरू होतो. फेब्रुवारी 2025 मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या प्रणव गुरवने 10.32 मध्ये सुवर्ण घेतलं, महिलांत साताऱ्याच्या सुदेष्णा शिवणकरने 11.76 मध्ये. त्याच वर्षी जुलैत अनिमेष कुजूरने 10.18 चा भारतीय विक्रम केला. आयर्लंडच्या पॉल हेशनने आपल्या देशासाठी नेमकी हीच वेळ 2007 मध्ये नोंदवली होती. तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटरच्या उपांत्य शर्यतीत पाचवा आला, आणि अंतिम फेरीत पहिले चारच जायचे होते. इतकी वर्षं राबून कारकीर्द अशी एका जागेवर अडते, तरी तिला देशात मान असतो. आपल्याकडे साडेअकराच्या पलीकडच्या शतांशांना गिऱ्हाईकच नाही.

पुण्यात सोयी नाहीत असंही नाही. सारसबागेजवळचं सणस मैदान आहे, मुंढव्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, बालेवाडीला तर 2013 मध्ये आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. पण सकाळी मैदान आणि दुपारी अभ्यासिका गाठणाऱ्या मुलाला बालेवाडी म्हणजे शहराचं दुसरं टोक.

म्हणून भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या मैदानावर कुणी हाताच्या वेळेत अकराच्या आसपास आला, तर भरतीचा अर्ज भरायला लावाच. पण त्याआधी त्याला एकदा सिंथेटिक ट्रॅकवर, इलेक्ट्रॉनिक घड्याळापुढे, स्पाइक्स घालून पळवा.