पस्तिशीत धावायला सुरुवात: वय आडवं येतं की खुर्ची?

दोन जिने चढून धाप लागली की "वय झालं" असं म्हणून आपण मोकळे होतो. पस्तिशीत! अमेरिकेतला आपला दिवस आठवून पाहा. गाडीने ऑफिस, आठ-नऊ तास लॅपटॉप, गाडीने ग्रोसरी, मुलांना सॉकरला सोडून पुन्हा गाडीतच बसणं. मग ही धाप वयाची की खुर्चीची? या प्रश्नाचं एक छान उत्तर डॅलसमध्ये मिळालं आहे.

१९६६ साली तिथल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे चक्क पलंगावर झोपवून ठेवलं. त्याआधी आणि नंतर एक गोष्ट मोजली: जीव तोडून धावताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं? दमसास मोजायचं हे सर्वांत भरवशाचं माप. आधी ते सरासरी ३.३ लिटर होतं, झोपून राहिल्यावर २.४ वर आलं. नंतर दोन महिने कसून व्यायाम केल्यावर ते ३.९ वर गेलं.

खरी गंमत पुढे आहे. १९९६ साली, म्हणजे तीस वर्षांनी, याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीचे होते आणि प्रत्येकाचं वजन सरासरी २३ किलोंनी वाढलं होतं. तरी आकडा आला २.९ लिटर. तीन आठवड्यांच्या झोपण्याने जेवढं नुकसान झालं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयानेही केलं नव्हतं!

मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला: चालणं, जॉगिंग, सायकल. आकडा पुन्हा ३.३ वर आला. विशीत कसून व्यायाम केल्यावर आलेला ३.९ चा आकडा मात्र कुणालाच गाठता आला नाही. पाच माणसं म्हणजे फार छोटा अभ्यास, हेही खरं. पण शरीराने हे केलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. हृदय मिनिटाला जास्तीत जास्त जेवढं रक्त ढकलू शकत होतं, त्यात वाढ झाली नव्हती. स्नायू मात्र त्याच रक्तातून अधिक ऑक्सिजन ओढून घ्यायला शिकले होते.

स्नायूंचं हे शिकणं आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने लवकर आणि कमी वजनातही गाठतात. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्को परिसरात आणि शिकागोमध्ये २०१० पासून आपल्या लोकांवर 'मसाला' नावाचा दीर्घ अभ्यास सुरू आहे. मधुमेहाची तपासणी इतरांसाठी बीएमआय २५ पासून सुचवली जाते, तर आशियाई वंशाच्या लोकांसाठी २३ पासून. आपल्यात बऱ्याचदा इन्शुलिनचं म्हणणं स्नायू नीट ऐकत नाहीत. पण धावताना आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर आत घेण्याची दारं स्वतःच उघडतो. हा फायदा पहिल्या दिवसापासून मिळतो, वजन काटाभर कमी झालं नसलं तरी.

मग बूट घालून उद्याच पाच किलोमीटर पळायचं का? तर नाही. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. रक्तातला पातळ भाग काही दिवसांतच वाढतो, हृदयाचं काम हलकं होतं आणि तीन-चार आठवड्यांत "अरे, जमतंय की" असं वाटू लागतं. हाडांचं तसं नाही. नवा भार आला की शरीर आधी हाडाचा जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. याला महिने लागतात. टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर, तेही असेच संथ. दम वाढला पण नडगी तयार नाही, याच काळात नवखे धावपटू उत्साहाने अंतर वाढवतात आणि जायबंदी होतात.

म्हणून 'काऊच टू फाइव्ह के' सारखा कार्यक्रम बरा. जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने तो १९९६ मध्येच, आपल्या पन्नाशीतल्या आईसारख्या नवख्यांसाठी बनवला. आठवड्यातून तीनच दिवस. पाच मिनिटं चालायचं, मग ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. नऊ आठवड्यांनी सलग अर्धा तास धावता यावं, हे ध्येय. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा.

वेग किती ठेवायचा? शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, एवढाच. नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल आणि धावताना ते वाढत असेल, तर थांबून डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, चक्कर, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात लवकर आलेला हृदयविकार असेल, तर सुरुवात करण्याआधीच दाखवा.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी इथल्या गावोगावी 'टर्की ट्रॉट' नावाच्या पाच किलोमीटरच्या शर्यती होतात. ऑगस्टच्या शेवटी सुरुवात केलीत, तर नऊ आठवडे होऊन वर दोन-तीन आठवडे हाताशी उरतात. एखादा आठवडा पुन्हा करावा लागला, तर ते उपयोगी पडतील.