राणी-मुंग्यांची विक्री : कोणती जात घ्यावी, कोणती वर्ज्य करावी

कांचेच्या पेटींत मुंग्यांचें वारूळ वसवून त्यांचा संसार पाहण्याचा छंद अलीकडे शहरांत वाढत आहे. छंदी लोक एकेका राणी-मुंगीस पैसे मोजतात. तेव्हां हा एक जोडधंदा कां होऊं नये, असा विचार बागाईतदार बंधूंच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु आधीं जातीची निवड नीट झाली पाहिजे.

छंदी लोकांस सर्वांत अधिक मोह पडतो तो पानें कापणाऱ्या मुंग्यांचा. आट्टा व अॅक्रोमिर्मेक्स या नांवांच्या या मुंग्या मूळच्या केवळ अमेरिका खंडांतील. कापलेल्या पानांवर त्या वारुळांत बुरशीची बाग लावतात व तीवर पिलें पोसतात. उड्डाणास निघतांना राणी या बुरशीचा कण तोंडांतील पिशवींत बरोबर नेते; म्हणजे राणी निसटली कीं बियाणेंही निसटलें. आट्टाच्या एका वारुळांत लक्षावधि मुंग्या असूं शकतात व लिंबू-संत्र्यांचीं झाडें त्या निष्पर्ण करतात. डंख मारणारी सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही मुंगी अमेरिकेंतूनच येऊन आपल्या देशांत कायमची वसली आहे, हें विसरूं नये. शिवाय २००३ च्या वनस्पति-संगरोध आदेशाप्रमाणें परवान्यावांचून जिवंत कीटक देशांत आणतां येत नाहींत. सबब कितीही मोल येवो, ही जात सर्वथा वर्ज्य.

आपल्याकडे पानांशीं नातें असलेली मुंगी म्हणजे आंब्याकाजूवर पानांचे गोळे करून राहणारी तांबडी ओंबील. ती पान कापीत नाहीं. आपल्या अळ्यांच्या रेशमानें पानें सांधते. तिची एक वसाहत अनेक गोळ्यांत पसरलेली असून राणी बहुधा एकाच गोळ्यांत असते. म्हणून हातीं लागलेला गोळा तोडून विकणें म्हणजे राणीवांचून मरणोन्मुख प्रजा विकणें होय. चीनमध्यें संत्र्यांच्या बागांत सोडण्यासाठीं शेतकरी या मुंग्यांचीं घरटीं शेंकडो वर्षांपासून विकत घेत आले, कारण ती किडी मारते. तोडणीच्या वेळीं ती चावते व पिठ्या ढेकणांस संभाळते हा दोष खरा. तथापि ती बागेंतच राहिलेली बरी.

उरला आपला काळा मुंगळा. याची राणी समागमानंतर पंख टाकून जमिनींत कोंडून घेते व कांहीं न खातां अंगांतील सांठ्यावर पहिलीं पिलें वाढविते. त्यामुळें ओल्या कापसाचा बोळा घातलेली कांचेची नळी तिला प्रारंभीं पुरते. पुढें साखरपाणी व मेलेले किडे द्यावे. पंख टाकून भुईवर फिरणारी राणीच वेंचावी. पंख असलेलीचा समागम झालेला असेलच असें नाहीं. अशा बहुतेक राण्या पक्षी, पाली व इतर मुंग्यांच्या तोंडीं पडतात, म्हणून मोजक्या उचलल्यानें फारशी हानि नाहीं. वारूळ मात्र कधींही खणूं नये.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. भांडुपच्या पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर लागून आहेत. तेथील मुंगीसुद्धां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीं येते. परवानगीवांचून ती उचलणें हा गुन्हा आहे. राणी आपल्या अंगणांत वा शेतांतच वेंचावी. परदेशी गिऱ्हाइकाच्या नादीं तर लागूंच नये. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या संमतीवांचून अशा गिऱ्हाइकास येथील जीव नेतां येत नाहीं. केनियांत एप्रिल २०२५ मध्यें दोन बेल्जियन तरुणांपाशीं सुमारें ५००० राण्या सांपडल्या व पुढील महिन्यांत प्रत्येकास दहा लक्ष शिलिंग दंड झाला.

आमचें मत असें कीं, शेजारच्या छंदी गिऱ्हाइकास आपल्या भुईवरचा मुंगळा द्यावा आणि तोही थोडाच. ज्या मुंगीनें बाग बुडेल ती आणूं नये व जिच्यावर बाग राखली जाते ती विकूं नये.