चार फड, चार तुकडे

जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला. साक्रीकडे मात्र पांझरेकाठची शेतकरी घरं चार ठिकाणचे चार तुकडे जपून ठेवतात, असं कळलं. हे काय गौडबंगाल आहे, ते बघायला गेलो.

पांझरा साक्री तालुक्यातल्या डोंगरातून निघते, पूर्वेला धुळ्यापर्यंत येते आणि मग उत्तरेला वळून तापीला मिळते. नदीला उतार चांगला, म्हणून पात्रात बुटका बंधारा घातला की पाणी आपसूक पाटात शिरतं. ना मोट, ना पंप. भिजणाऱ्या रानाचे चार फड पाडायचे, प्रत्येक फडात प्रत्येक घराचा एक तुकडा ठेवायचा आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ही इथली जुनी रीत. ऊस तर ऊस, गहू तर गहू. मोसम आणि आरम या नद्यांच्या काठीही हीच पद्धत होती. ती तीन-चारशे वर्षांची असल्याचं सांगतात.

फडात शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचं नाही. ते पाटकऱ्याचं काम. मला भेटलेला पाटकरी सत्तरीचा. एका वाफ्याचं तोंड फावड्याने मोडायचा आणि दुसऱ्याचं उघड्या टाचेने चिखल दाबून बुजवायचा. शेत कोणाचं, हे तो बघतही नव्हता. माझी नजर पुन्हा पुन्हा त्या टाचेकडे जात होती.

"बाबा, चार तुकडे कशाला?"

"नदी आटली तर दोनच फड भिजतात, भाऊ. मग त्या दोन्हींत सगळ्यांची जमीन नको?"

शेंड्याचा आणि बुडाचा शेतकरी हा कालव्यावरचा कायमचा तंटा. इथे तो चार तुकड्यांनी आधीच मिटवलेला. पाणीवापर संस्थांचा कायदा २००५ साली आला. इथल्या शेतकऱ्यांनी पाण्याचा कारभार त्याआधी कितीतरी पिढ्या चालवला होता.

"तुमचे किती तुकडे?" मी विचारलं.

"एकही नाही."

म्हणजे ही समता जमीनवाल्यांपुरती होती. पाटकऱ्याला सुगीला धान्य मिळायचं, तेवढंच. आता वर धरणं झाली, रानोरान विहिरी आणि बोअर झाले. ज्याच्या दारात मोटार, तो म्हणतो, मला पाटकरी कशाला? मग तो फडाचं पीकही पाळत नाही. गव्हाच्या फडात कोणी कांदा लावला की पाण्याच्या पाळ्या विस्कटतात. बंधारा अजून धड आहे. मोडतोय तो करार, आणि त्याची झळ आधी बसते ती एकही तुकडा नसलेल्या माणसाला.