सायकलची वाट आणि काठाची माती

धूर न सोडणाऱ्या, इंधन न मागणाऱ्या सायकलीसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्याची तजवीज एखाद्या नगरपालिकेच्या दप्तरातून बाहेर पडते, तेव्हा तिला हरकत घेणारा नागरिक लोकहिताच्या आड येत असल्याचा भास प्रथमदर्शनी होतो. परंतु मार्ग म्हटला की जमीन लागते. ती जमीन कोणाच्या वाट्यातून काढून घ्यावयाची याचा निर्णय नकाशावर रेघ ओढतानाच होऊन जातो, आणि आपल्या शहरांत तो बहुधा झाडांच्या व पाणकाठांच्या विरुद्ध जातो.

मुंबईच्या पवई तलावाची हकीकत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांध घालून निर्माण केलेल्या या तलावाचे पाणी पुढे पिण्यास अयोग्य ठरले; तरी मगरी, कमळपक्षी, बगळे आणि पाणकोंबड्या यांनी मात्र त्याचा आश्रय सोडला नाही. या तलावाभोवती सायकलींसाठी व पायी चालणाऱ्यांसाठी मार्ग करण्याचे काम बृहन्मुंबई महानगरपालिकेने हाती घेतले. तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून त्यांची रचना करावयाची, म्हणजे फटींतून पाण्याची ये-जा चालू राहील आणि तलावाला बाधा पोचणार नाही, असे तिचे म्हणणे होते. पवईच्या आय. आय. टी.तील संशोधक विद्यार्थी आणि पर्यावरण कार्यकर्ते यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ६ मे २०२२ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती बिष्ट यांच्या खंडपीठाने, पाणथळ प्रदेशांच्या संरक्षणासाठी असलेल्या २०१७च्या नियमांच्या आधारे, हे काम बेकायदेशीर ठरविले आणि केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा हुकूम दिला.

दगडांतून पाणी वाहते हे खरेच आहे. पण काठ म्हणजे केवळ पाण्याची हद्द नसते. मगरीची मादी उन्हाळ्याच्या तोंडावर काठाच्या उतरत्या, भुसभुशीत जमिनीत आपल्या पायांनी खड्डा उकरून त्यात पंचवीस-तीस अंडी घालते व ती मातीने झाकून टाकते. त्या मातीच्या उबेवर अंडी पोसली जातात, इतकेच नव्हे तर पिलू नर निपजेल की मादी हेही त्या उबेवरच ठरते; आणि पावसाळ्याच्या सुमारास आतल्या पिलांचा आवाज ऐकून आई खड्डा उकरते व त्यांना जबड्यात अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. जिथे दगडांच्या पेट्यांची भिंत उभी राहते, जिथे रात्रभर दिवे जळतात व दिवसभर माणसांची वर्दळ चालते, तिथे हा क्रम कसा चालावा? वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण दिले, त्याच्या प्रसूतिगृहावरून सायकलमार्ग नेणे मला कोणत्याही लोकहिताच्या नावाखाली समर्थनीय वाटत नाही.

तलावाचा काठ निदान डोळ्यांना दिसतो. झाडाची मुळे दिसत नाहीत, आणि म्हणून तिथे घडणारा अपराध अधिक सहज घडतो. वृक्षाची मुळे खोडाखाली खोल उतरलेली असतात अशी आपली समजूत असली, तरी अन्नपाणी शोषणाऱ्या मुळांपैकी बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फूट मातीतच, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. सायकलमार्गाच्या पायासाठी हीच दोन-तीन फूट माती खणतात, रोलरने दाबून घट्ट करतात आणि तिच्यावर काँक्रीट ओततात. कागदोपत्री झाड वाचलेले असते. पण मुळांना हवा आणि पाणी मिळेनासे झाल्यामुळे ते आतून खंगत जाते, आणि काही वर्षांनी एखाद्या वादळी पावसात उन्मळून पडले म्हणजे दोष वाऱ्याला दिला जातो. झाडांच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटपासून मोकळी करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीसंबंधी दिला होता. जुन्या वडाच्या किंवा पिंपळाच्या विस्ताराकडे पाहता एक मीटर हे अंतर मला फारच अपुरे वाटते.

आपल्या राज्याच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि साठ वर्षांच्या वृक्षाच्या जागी साठ रोपे लावली, तरी जुन्या खोडातील ज्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते आणि जिच्या चिंचोळ्या फटीतून नर तिला फळे भरवतो, ती ढोली त्या साठांपैकी एकाही रोपात पुढील कित्येक वर्षे मिळणार नाही.

मग सायकलस्वाराने जावे कुठून? मोटारीच्या एका मार्गिकेला तीन ते साडेतीन मीटर रुंदी दिली जाते, आणि रस्त्याच्या कडेला उभी केलेली मोटार दोन मीटरांहून अधिक जागा अडवून बसते. एकेरी सायकलमार्गालाही जवळपास तितकीच जागा पुरते. म्हणजे जमीन आजही डांबराखाली तयार आहे, तिथे झाड तोडावयाचे नाही, भराव घालावयाचा नाही, केवळ वाहनतळाची मुभा काढून घेऊन कठडा उभारावयाचा आहे. हे करण्यास अधिकारी कचरतात, कारण मोटारमालकाचा रोष पत्करणे हे झाडाचा जीव घेण्यापेक्षा अवघड जाते. वैशाखातल्या दुपारी सावली नसलेल्या मार्गावर सायकल चालवून पाहावी, म्हणजे ते झाड मार्गाचाच भाग होते हे ध्यानी येईल.

जिथे अन्य इलाजच नाही, तिथे न खणता मुळांच्या वरून, पाणी झिरपू देणाऱ्या थरांचा उंचवटा करून मार्ग नेता येतो, किंवा बुंध्यापाशी तो वळविता येतो. नागरिकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. तोडावयाच्या झाडावर नोटीस लावून हरकती मागविल्या जातात. ज्यांची केवळ मुळे छाटली जाणार आहेत, त्या झाडांवर सहसा कोणी नोटीस लावीत नाही. वस्तुतः १९७५च्या कायद्याने झाड तोडण्याच्या व्याख्येतच त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे समाविष्ट केले आहे. सायकलमार्गाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत मुळांचा विस्तार दाखविणारा नकाशा वृक्ष प्राधिकरणापुढे ठेवावा, आणि खोदाईच्या कक्षेत येणाऱ्या प्रत्येक झाडावर नोटीस लागावी, अशी मागणी याच व्याख्येच्या आधारे आपल्याला करता येईल.