धार आणि पाणी : घर्षणोष्णतेचा पारिभाषिक विचार

सेनगावसारख्या (जि. हिंगोली) शेतीप्रधान भागात विळ्या-कुऱ्हाडींची पारख ‘धार’ आणि ‘पाणी’ या दोन शब्दांनी होते. धार म्हणजे कडेची तीक्ष्णता. पाणी म्हणजे तापवून विझविल्याने पोलादास आलेला कणखरपणा. सराणेवर पाते फार तापले, तर सुमारे ३०० अंश सेल्सिअसला त्यावर निळी झाक चढते. धार तशीच दिसते. पाणी मात्र उतरलेले असते.

दुर्यंत्र्य मिश्रधातूंच्या बाबतीत हा भेद अधिक तीव्र होतो. सराणेच्या चाकातील कण बोथट कोनाने धातू खरवडतात. त्यामुळे खर्ची पडलेल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. साध्या पोलादाची उष्णतावाहकता सुमारे ५० वॅट प्रति मीटर-केल्विन असते. विमानांच्या इंजिनांत वापरल्या जाणाऱ्या, ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या टायटॅनियम मिश्रधातूची केवळ ७ च्या आसपास. साहजिकच उष्णता पृष्ठालगत कोंडते. निवताना त्या थराच्या आकुंचनास खालचा थंड धातू अडवितो व तेथे ओढीचा ताण शिल्लक राहतो. पुढे वारंवार भार पडला की तेथूनच तडा जाण्याचा संभव असतो. वरचे पृष्ठ मात्र गुळगुळीत असू शकते. चाकाचा कमी वेग, वेळोवेळी ताजे केलेले कण आणि भरपूर शीतक द्रव हे त्यावरील उपाय होत.

‘पृष्ठगुणवत्ता’ या एकाच संज्ञेत वरचा गुळगुळीतपणा आणि आतली अवस्था यांची गल्लत होते. परिभाषा घडविताना लोहारशाळेने जपलेला हा भेद राखणे इष्ट होय.